विमानाची खोली

वसईत पापडीला आम्ही ज्या घरात भाड्यानं राहायचो, तिथे आमच्या हॉलमधून दिवसातून चार वेळा एक माणूस आरपार जायचा. सकाळी दहाला आत, बाराला बाहेर. दुपारी चारला आत, सहाला बाहेर. ते आमचे घरमालक, काका. आम्ही जेवत असू, भांडत असू, टीव्हीसमोर पाय पसरून बसलेले असू, त्यांना त्याचं काही नसे. चपला दाराशी काढायच्या, भिंतीच्या कडेनं सरळ चालायचं, पलीकडच्या दाराचं कुलूप काढायचं आणि आत गेल्यावर कडी लावायची. एकदा माझ्या नणंदेला बघायला मंडळी आली होती. पोह्यांच्या बशा सगळ्यांच्या हातात होत्या आणि बरोबर चार वाजता काका आले, सगळ्यांच्या मधून गेले आणि दार लावून घेतलं. मुलाच्या वडिलांनी हे कोण म्हणून विचारलं. आमचे हे म्हणाले, "मालक आहेत. विमान करतात." ते स्थळ काही जमलं नाही. त्याचं खापर सासूबाईंनी पुढे बरीच वर्षं काकांच्या डोक्यावर फोडलं.

तक्रार करायला आम्हाला तोंड नव्हतं. करारातच लिहिलेलं होतं की वरच्या मजल्यावरचा हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली भाडेकरूची, दुसरी खोली मालकाची, त्या खोलीकडे जायची वाट हॉलमधून, आणि बाहेरच्या दाराची एक किल्ली मालकाकडे. आम्ही दोघं तेव्हा नवीन लग्नाचे, हे रोज मुंबईला कामाला जाणारे, मी माणिकपूरला बँकेत. घर वाडीतलं, समोर केळी, मागे विहीर, स्टेशनपासून रिक्षा मिळते. एवढ्या सुखापुढे एक म्हातारा हॉलमधून गेला तर काय बिघडतं, असं आम्ही म्हणालो आणि सही केली. मी आयुष्यात दोन सह्या डोळे झाकून केल्या, त्यातली ही पहिली.

काकांची खोली वर असण्याचं कारण काकू. खाली त्यांचं मोठं घर होतं, चार खोल्या रिकाम्या होत्या. पण लॅकर आणि थिनरचा वास देवघराच्या आसपास येता कामा नये, असा काकूंचा हुकूम. नवरा-बायकोचं त्यांच्या घरच्या बोलीत काही तरी चाललेलं असायचं, मला त्यातलं पहिलं वर्षभर निम्मं कळत नसे. माझ्याशी मात्र दोघंही शाळेतल्यासारखं मराठी बोलत. काकू मला म्हणायच्या, "अगं, आमच्या आधीच्या तीन पिढ्यांनी ह्या वाडीत पानवेली लावल्या. ह्यांनी विमानं लावलीत. अजून एकाला फळ आलेलं नाही."

हे खरंच होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि त्या खोलीत एकही विमान नव्हतं. आधी कारखाना, मग विमान, असं काकांचं म्हणणं. जन्मभर ते विमानतळावर इंजिन दुरुस्तीच्या शॉपमध्ये फिटर होते. अर्धवट हत्यारांनी केलेलं काम हे काम नसतं, ती खटपट असते, असं ते सांगत. म्हणून चार वर्षं नुसती खोली सजत होती. जुन्या सागवानी दाराचं त्यांनी कामाचं टेबल केलं. त्याला एका टोकाला व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा शिकंजा, बसवली. ती केसभर तिरकी बसली असं वाटल्यामुळे सगळे बोल्ट काढून परत बसवली. कानशी अकरा तऱ्हेच्या. पटाश्या, रंधे, हातड्रिल, गुण्या. ज्या करवतीच्या मुठी आवडल्या नाहीत त्या काढून टाकून वाडीतल्या चिकूच्या लाकडाच्या नव्या घडवल्या. मुठी घडवायला वेगळी पटाशी लागते असं निघालं, मग आधी ती पटाशी केली.

वसईच्या हवेत लोखंड टिकत नाही. समुद्र लांब असला तरी खारेपणा कपाटात येऊन बसतो. काकांनी हत्यारांच्या कपाटात एक पंधराचा बल्ब कायम पेटता ठेवला होता, आत ऊब राहून ओल धरू नये म्हणून. लाइट गेली की काका जिना चढून येत आणि मेणबत्तीच्या उजेडात एकेक हत्यार काढून एरंडेलाच्या फडक्यानं पुसत बसत. एकदा मी विचारलं, आमच्यासाठी पण एखादा कंदील देता का. ते म्हणाले की तुम्ही काही गंजत नाही.

सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे बिल्ले. त्यांच्या शॉपमध्ये हत्यार घ्यायचं तर स्टोअरला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यावा लागे. हत्याराच्या खिळ्यावर बिल्ला टांगला जाई आणि हत्यार परत दिलं की बिल्ला परत. संध्याकाळी एक जरी बिल्ला टांगलेला दिसला तरी कोणी घरी जायचं नाही, कारण ते हत्यार कदाचित इंजिनात राहिलेलं असू शकतं. निवृत्त होताना काकांनी आपले सहा बिल्ले मागून आणले होते. आता खोलीत ते एकटेच. तरी ते कानस घेताना स्वतःच तिच्या खिळ्यावर आपला बिल्ला टांगत, कानस जागी ठेवताना बिल्ला काढून खिशात घालत. सहा वाजता निघायच्या आधी कपाटासमोर उभं राहून सगळे खिळे नजरेखालून घालत. दुसरा कोणी असता तर मी वेडा म्हटलं असतं. पण मी बँकेतली. आमच्याकडे जो व्हाउचर लिहितो त्यानं ते पास करायचं नाही, तिजोरीला दोन किल्ल्या आणि त्या दोन माणसांकडे. त्यामुळे मला आतून ते पटत होतं, फक्त घरात पटत नव्हतं.

एकदा मी गॅसच्या शेगडीसाठी त्यांच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला. त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही. पत्र्याच्या डब्याचं झाकण कापून, कडा घासून, त्यावर 'दोन' आकडा ठोकून मला एक बिल्ला करून दिला. तो मी खिळ्यावर टांगला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कराडहून भावाचा निरोप आला की आईला दम्याचा जोराचा झटका आलाय. तशीच उठून गेले. नऊ दिवसांनी परत आले तर काका आमच्या जिन्यात बसलेले. नऊ दिवस त्यांनी काहीही काम केलं नव्हतं. रोज दहाला येऊन कुलूप काढायचे, टांगलेला बिल्ला बघायचे आणि बाराला कुलूप लावून जायचे. आमच्या ह्यांना विचारायला हरकत नव्हती, स्क्रू-ड्रायव्हर ओट्यावर समोर पडला होता. पण बिल्ला माझा, म्हणजे हत्यार मी परत करायचं. मी बॅग खाली ठेवायच्या आधी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी माझ्या आईची चौकशी केली आणि मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तपासलं.

त्यांच्या सरळपणाचा मला राग यायचा आणि त्या रागातच मला ते आवडायला लागले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आमचं तिसरं वर्ष चालू असताना गोष्ट अंगाशी आली. भावाची बदली नागपूरला झाली. त्याला तिथे जे क्वार्टर मिळणार होतं त्यात त्यांची चार माणसंच कशीबशी मावणार होती, आणि कराडचं भाड्याचं घर मालकाला परत करायचं होतं. आई माझ्याकडे येणार हे न बोलता ठरलं. आईला हॉलमध्ये झोपवता आलं असतं. पण थिनरचा वास. काका लॅकर उघडत त्या दिवशी आमचासुद्धा घसा धरायचा, आईला तर नुसत्या उदबत्तीनं धाप लागायची. म्हणजे नुसती जागा पुरत नव्हती. तो कारखानाच बंद व्हायला हवा होता.

दुसरं घर शोधा असं कुणीही म्हणेल. शोधलं. तुळिंजला एक बघितलं, तिथे दुसऱ्या मजल्यापर्यंत धुरळा. माणिकपूरला बघितलं, ते झेपणारं नव्हतं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला काका हॉलमध्ये आले तेव्हा मी त्यांच्या वाटेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "कारखाना काम पुरं करून बंद होतो. मधेच बंद पडला तर त्याला दिवाळं म्हणतात. माझं एक विमान उडू दे. उडालं की दुसऱ्या दिवशी खोली तुझी."

मी विचारलं, कधी उडेल? ते म्हणाले, हत्यारं पुरी झाली की. मी विचारलं, अजून काय काय राहिलंय? त्यांनी खिशातून यादी काढली. ती तयारच होती.

पुढचे पाच महिने मी त्या कारखान्याची खरेदी अधिकारी होते. ह्यांच्यामार्फत मुंबईच्या लोहार चाळीतून नक्षीच्या करवतीची बारीक पाती आणली. माझ्या मैत्रिणीचे वडील घड्याळजी होते, त्यांच्याकडून चिमटे आणले. दवाखान्यात ओळख काढून ईथरची बाटली मिळवली, कारण त्या विमानाचं इंजिन रॉकेल, एरंडेल आणि ईथर यांच्या मिश्रणावर चालायचं. ते मुठीएवढं इंजिन काकांच्या एका सोबत्यानं फार वर्षांपूर्वी परदेशातून आणून दिलेलं होतं आणि डालड्याच्या डब्यात तेलात बुडवून ठेवलेलं होतं. हलकं लाकूड परदेशी मिळतं तसं इथे नव्हतं. काकांनी वाडीच्या कुंपणातला पांगारा आधीच तोडलेला होता, त्याच्या फळ्या वर्षभर माळ्यावर सुकवलेल्या होत्या. पांगाऱ्याची पातळ पट्टी तळहातावर ठेवली तर डोळे मिटल्यावर हातात काही आहे की नाही ते कळत नसे. मी पट्ट्या मोजून दिल्या, पतंगाचा कागद पंखांवर ताणून धरला, आणि मनात सारखी तारीख मोजत होते. प्रत्येक वस्तू आणली की काकांना तिच्यामुळे आणखी एक वस्तू लागते असं निघायचं. काकू मला जिन्यातच गाठून म्हणायच्या, "तू पण त्यांच्यात जाऊन बसलीस का?" मी म्हणायची, काकू, माझा स्वार्थ आहे. त्या म्हणायच्या, तुझा निदान स्वार्थ तरी आहे.

विमान झालं. लांबीला माझ्या हाताएवढं, पिवळ्या कागदाचं. ते दोन तारांना बांधून गोल फिरवायचं असतं. मध्ये उभा असलेला माणूस हातातली तारांची मूठ वरखाली करतो तशी शेपटीची पट्टी हलते आणि विमान वर किंवा खाली जातं. त्याच आठवड्यात भावाचं पत्र आलं. आईचं तिकीट मंगळवारचं काढलंय. मी ते काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, रविवारी सकाळी ओहोटी आहे, भुईगावच्या किनाऱ्यावर वाळू कडक असेल.

पण तपासणी राहिली होती. काकांच्या हिशेबी ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं नसतं. "जिथे हात चुकतो तिथेच डोळाही चुकतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. चौतीस वर्षांत त्यांनी जोडलेला एकही भाग त्यांच्या स्वतःच्या सहीनं बाहेर पडला नव्हता, आणि याचं त्यांना वाईट वाटत नसे, उलट बरं वाटे. आता दुसरी सही कोणाची? काकू म्हणाल्या, मी विमानाला कुंकू लावीन, सही नाही करणार. तेव्हा ती माझ्यावर आली. त्यांनी यादी लिहिली होती, त्रेचाळीस बाबी, सुंदर अक्षरात. तीन संध्याकाळी त्यांनी मला एकेक बाब हाताला धरून शिकवली. कुठे बोटानं चाचपायचं, कुठे नखानं ओढून बघायचं, कुठे तार कानाशी धरून टिचकी मारायची. नीट केलं तर पाऊण तासाचं काम होतं.

रविवारी सकाळी सहाला काकांनी विमान टेबलावर ठेवलं, यादी आणि पेन्सिल ठेवली, आणि बाहेर हॉलमध्ये जाऊन दार ओढून घेतलं. काम करणाऱ्यानं तपासणाऱ्याच्या शेजारी उभं राहू नये, हाही नियम.

मी पंख बघितले. पंखा बोटानं फिरवून बघितला. चाकं बघितली. मग खिडकीतून बाहेर बघितलं, ऊन यायला लागलं होतं, रिक्षावाला खाली येऊन थांबला होता. सात वर्षं हत्यारं घासून-पुसून मग केलेल्या विमानात मी काय काढणार होते? आणि समजा काही काढलं असतं, तर? मी बँकेत एका आद्याक्षरासाठी व्हाउचर परत पाठवणारी बाई. त्या दिवशी मी पेन्सिल घेतली आणि मार्चअखेरीला कंटाळलेला कारकून करतो तशा एकापाठोपाठ एक खुणा करत गेले. त्रेचाळीस. खाली सही केली. दार उघडून कागद काकांना दिला. त्यांनी सही बघितली, कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि रिक्षात विमान मांडीवर घेऊन बसले.

भुईगावला त्या वेळी एक-दोन माणसं जाळी वाळत घालत होती, तीही थांबून बघायला लागली. ह्यांनी विमान धरलं. काका मध्ये मूठ घेऊन उभे राहिले, अनवाणी. इंजिन चौथ्या झटक्याला सुरू झालं आणि इतक्या लहान वस्तूचा इतका आवाज होतो यावर माझा विश्वास बसेना. ह्यांनी सोडलं. ते वाळूवरून थोडं धावलं आणि उचललं गेलं. काका जागच्या जागी फिरत होते आणि ते पिवळं विमान त्यांच्याभोवती फिरत होतं, एक फेरी, दुसरी, तिसरी. काकांचा चेहरा मला दर फेरीला एकदा दिसायचा. तो चेहरा मी कधी बघितलेला नव्हता, हसतही नव्हते, फक्त तोंड थोडं उघडं होतं. चौथ्या फेरीच्या मध्यात विमान एकदम वर गेलं, काकांनी मूठ खाली दाबली, काही झालं नाही, ते पाठीवर आलं आणि नाकावर वाळूत शिरलं.

आवाज थांबला तेव्हा समुद्र ऐकू आला.

काकांनी सगळे तुकडे एका धोतराच्या फडक्यात गोळा केले. कागदाचे कपटेसुद्धा. शेपटीचा भाग हातात घेऊन त्यांनी बराच वेळ बघितला. शेपटीची पट्टी हलवणारी तार एका भोकात अडकवून तिचं टोक मुडपायचं असतं, म्हणजे ती निसटत नाही. ते मुडपायचं राहिलं होतं. यादीत ती एकोणतिसावी बाब होती. बोटानं चाचपायची. मला ते लांबून दिसलं. काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साडेतीन फेऱ्या. उडालं म्हणायचं." मी हो म्हटलं.

सोमवारी दिवसभर त्यांनी खोली रिकामी केली. हत्यारांना ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून दोन लाकडी पेट्या भरल्या. कपाट खाली नेलं. टेबल जिन्यातून उतरत नव्हतं, ते परत सुटं करून दाराच्या रूपात उतरवलं. खिडक्या रात्रभर उघड्या ठेवायला सांगितल्या, वास जायला. मंगळवारी आई आली. तिनं खोलीत पाय ठेवला, चारी बाजूंनी बघितलं, खिडकीतल्या केळी बघितल्या आणि म्हणाली की एवढी मोठी खोली माझ्या एकटीला कशाला. त्या रात्री ती न खोकता झोपली. मी पलीकडच्या खोलीत जागी होते.

महिनाभर मी ते पोटात ठेवलं. काका आता हॉलमधून जात नसत, त्यामुळे दहा वाजले की आमच्या घरात सुतक असल्यासारखं वाटे. खाली ते ओटीवर बसून काकूंना वाल सोलून देत, केळीची खुंटं काढत, आईसाठी रोज एक शहाळं पाठवत. पेट्या उघडल्या नाहीत. दुसरं विमान करणार का, असं ह्यांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले की आता हाताला कंप आहे. मला तो कंप दिसला नव्हता.

शेवटी एका रविवारी मी खाली गेले. ते ओटीवर एकटे होते, पुढ्यात सूप. मी बसले आणि म्हटलं, काका, मी त्या दिवशी तपासलं नव्हतं. नुसत्या खुणा केल्या होत्या.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. हातातला वाल सोलून त्यांनी टोपलीत टाकला. "बारा मिनिटांत बाहेर आलीस. मी हॉलमधल्या घड्याळात बघत होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "मग तेव्हाच परत आत का नाही पाठवलंत?"

"पाठवलं असतं तर सापडलं असतं. सापडलं की दुरुस्ती. मग सगळं सुटं करून पुन्हा जोडायचं, पुन्हा तपासणी. दोन रविवार तरी गेले असते."

"जाऊ द्यायचे होते. उडवलंत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं, इतकी साधी गोष्ट बँकेतल्या बाईला कशी कळत नाही अशा नजरेनं.

"तुझ्या आईचं तिकीट मंगळवारचं होतं ना," ते म्हणाले, आणि सुपातला पुढचा वाल उचलला.